काळजाचा ठोका आणि आमचे वाङ्मय

मराठी कथा-कादंबऱ्यांच्या वाचकास एक वाक्प्रचार इतका परिचयाचा झालेला आहे की, त्याकडे थांबून पाहण्याचे आता कोणास सुचत नाही. दारावर अवेळी थाप पडते, तार येते, किंवा ज्याची आशा सोडून दिली होती तो मनुष्य उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. आणि नायिकेच्या काळजाचा ठोका चुकतो. एक ठोका चुकला की त्याचे काम संपले. पुढल्याच वाक्यात काळीज पूर्ववत चालू लागते आणि लेखकही निश्चिंतपणे पुढील प्रसंगाकडे वळतो. ह्या चुकलेल्या ठोक्याची थोडी चौकशी करावी, असा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. कारण ज्यांचा ठोका कादंबरीतून एकदा नव्हे, तर दिवसातून शेकडो वेळा चुकतो, आणि तोही कोणतीही तार आलेली नसता, अशी माणसे आमच्या घराघरांतून आहेत. त्यांच्या अनुभवास आमच्या वाङ्मयाने कोणती जागा दिली, हा प्रश्न वाङ्मयाचाच आहे. केवळ वैद्यकाचा नव्हे.

टीकालेखात लेखकाने स्वतःच्या प्रकृतीचे पुराण लावू नये, हा संकेत मला मान्य आहे. तथापि ज्या अनुभवाच्या कसोटीवर पुस्तके घासून पाहावयाची, तो अनुभव कोणाचा, हे वाचकास सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. मी बुलढाण्याचा रहिवासी. गेली अकरा वर्षे माझे हृदय मधूनमधून आपली चाल सोडते. प्रथम हा प्रकार ध्यानात आला तो मलकापूरची गाडी गाठण्याकरिता राजूर घाट उतरत असताना. छातीत मासा उलटावा तसे काहीसे झाले, क्षणभर सारे थांबल्यासारखे वाटले, आणि मग एक ठोका असा बसला की, शेजारच्या उतारूने तो ऐकला असेल अशी मला शंका आली. पुढे यथाकाल विद्युत्-आलेख निघाले, चोवीस तास छातीस यंत्र बांधून झाले, ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्रही पाहून झाले. हृदय निरोगी आहे, ठोके मात्र अवेळी पडतात, असा निकाल मिळाला. एका डॉक्टरांनी तर हसून, “तुम्हांला काही झालेले नाही,” असे म्हणून मला वाटेस लावले. त्या वाक्याने जितका दिलासा मिळाला, तितकाच अपमानही वाटला. ज्याला काही झालेले नाही, त्याने रात्री दोन वाजता मनगटावर बोटे ठेवून अंथरुणात का बसावे?

आता त्या वाक्प्रचाराकडे वळू. कादंबरीतील क्रम असा असतो की, आधी भय आणि मग चुकलेला ठोका. बाहेर काही घडते, मन दचकते, आणि मनाच्या मागोमाग काळीज. परंतु ज्याचे हृदय वारंवार अनियमित चालते, त्याचा क्रम नेमका उलटा आहे. आधी ठोका चुकतो. मन नंतर दचकते, आणि दचकल्यावर त्या दचकण्यास कारण शोधू लागते. बाहेर काहीच घडलेले नसते. ताटात भाकरी असते, मुले अभ्यास करीत असतात, अंगणात चांदणे पडलेले असते. अशा वेळी शरीरातून आलेली ही तार वाचावयाची कशी? तिच्यात मजकूर नाही. केवळ तार आली एवढेच कळते. ह्या बिनमजकुराच्या तारेचे भय आमच्या कथाकारांनी ओळखलेले नाही, असे मला नम्रपणे म्हणावयाचे आहे.

दुसरी गोष्ट अशी की, तो ठोका वास्तविक चुकलेलाच नसतो. शरीरशास्त्र सांगते ते असे: हृदयाच्या वरच्या भागातील एका लहानशा केंद्रातून प्रत्येक ठोक्याची आज्ञा निघते. कधीकधी ह्या आज्ञेची वाट न पाहता हृदयातील दुसराच एखादा बिंदू आपल्या अधिकारात ठोका देतो. हा ठोका वेळेपूर्वी पडल्यामुळे हृदयाचा कप्पा रक्ताने पुरता भरलेला नसतो. सबब नाडीस तो बहुधा जाणवत नाही. त्यानंतर विश्रांती लांबते. त्या लांबलेल्या अवकाशात कप्पा नेहमीपेक्षा अधिक भरतो, आणि पुढचा, अगदी नियमित असलेला ठोका जोराने बसतो. म्हणजे ज्यास आपण चुकलेला ठोका म्हणतो, तो घाईने आलेला ठोका. आणि ज्या धक्क्याने आपण घाबरतो, तो तर हृदय पुन्हा आपल्या चालीवर आल्याचा पुरावा! भाषेने येथे नेमकी उलटी नोंद केली आहे. भाषेस दोष देण्याचे कारण नाही. ती जाणिवेची नोंद करते, यंत्राची नव्हे. परंतु लेखकाने तरी कधी ह्या दोहोंमधील अंतर न्याहाळले असते, तर एक नवा विषय त्याच्या हाती लागला असता.

रोग आमच्या ललितवाङ्मयात आला नाही असे नव्हे. तो पुष्कळ आला. परंतु दोनच कामांसाठी आला. एक, पात्रास मारण्यासाठी. आणि दुसरे, पात्रास शिक्षा करण्यासाठी किंवा सुधारण्यासाठी. मागील पिढ्यांच्या कथांतून क्षयाने हे काम इमानेइतबारे केले. पुढे ते हृदयविकाराकडे आले. वाईट बातमी ऐकताच छातीच्या डाव्या बाजूस हात नेऊन खुर्चीत कोसळणारा वृद्ध पिता रंगभूमीने आणि चित्रपटांनी इतक्या वेळा दाखविला की, प्रेक्षक आता त्याचा हात वर जाण्याआधीच सावरून बसतात. ह्या रोगांस कथानकात सोय असते, कारण त्यांस आरंभ, उत्कर्ष आणि शेवट असतो. जो रोग मारीत नाही आणि जातही नाही, त्याचे कथानक कसे रचावयाचे? अकरा वर्षांत ज्याचा पाचवा अंक आला नाही आणि येण्याची चिन्हेही नाहीत, त्या नाटकाचे नाटककाराने काय करावे?

मराठीत हृदयरोगावर स्वानुभवाने लिहिलेले सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’. गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात सपत्नीक लोकसेवा करणाऱ्या, आणि सेवाग्राम-वर्ध्याच्या गांधी-विनोबांच्या वातावरणात वाढलेल्या ह्या डॉक्टरांस ऐन कर्तृत्वाच्या वयात हृदयविकाराचा झटका आला. त्यातून त्यांनी आपल्या आहाराची, धावपळीची, चित्तवृत्तीची आणि शेवटी जीवितहेतूचीच झडती घेतली. ह्या पुस्तकाचे गुण मोठे आहेत. वैद्य स्वतः रोगी झाला असता त्याने आपली विद्या झाकून ठेवली नाही आणि आपली भीतीही झाकली नाही. शास्त्रीय माहिती आणि आत्मनिरीक्षण ह्यांची सांगड मराठीत इतक्या स्वच्छ गद्यात क्वचितच पडली असेल. कित्येक कुटुंबांत ह्या पुस्तकाने स्वयंपाकघरातील तेलाची बरणी लहान केली, आणि पहाटे फिरावयास जाणारांची संख्या वाढविली. वाङ्मयास असे भाग्य नेहमी लाभत नाही.

असे असूनही, माझ्यासारख्या वाचकास हे पुस्तक मिटताना एक विचित्र एकटेपणा वाटतो, आणि त्याचे कारण पुस्तकाच्या दोषात नसून त्याच्या घडणीत आहे. त्याच्या नावातच ‘साक्षात्कार’ आहे. झटका येतो, मनुष्य थांबतो, कारणांचा शोध घेतो, आयुष्य बदलतो, आणि रोगच गुरू होतो. आमच्या संतचरित्रांतून चालत आलेला हा साचा मराठी मनास जवळचा आहे, आणि ज्याच्या आयुष्यात तो खरोखर घडला, त्याने तो सांगितलाच पाहिजे. परंतु एकाचा साक्षात्कार हा दुसऱ्याचा नियम होऊ लागला म्हणजे अडचण उत्पन्न होते. अनियमित ठोक्यांच्या रोग्यास साक्षात्कार होत नाही. त्याने चहा सोडला, जागरणे सोडली, तंबाखूला कधी स्पर्शच केला नव्हता. त्या प्रत्येक त्यागाने थोडाफार गुण येतोही. पण ठोके येतातच. मग त्यास वाटू लागते की, आपल्याच झडतीत काही उणे राहिले असावे. कारण सापडत नाही म्हणून तो अधिक शोधतो. शोधतो म्हणून अधिक ऐकतो. ऐकतो म्हणून घाबरतो. आणि भयाने रक्तात जे द्रव्य सुटते, तेच हृदयास आणखी अवेळी ठोके देण्यास चिथावते. येथे शोध हाच रोगाचा अर्धा भाग होऊन बसतो. झटक्याच्या रोग्यास ‘स्वतःकडे पाहा’ हा उपदेश तारक ठरतो. ठोक्यांच्या रोग्यास कित्येकदा ‘आता पाहू नकोस’ हाच उपदेश हवा असतो. ह्या दुसऱ्या उपदेशाचे पुस्तक अद्याप आमच्याकडे नाही.

भयाचे मूळ आमच्या परंपरेत किती खोल गेले आहे, हेही पाहण्यासारखे आहे. नाडीपरीक्षेचे पद्धतशीर विवेचन आयुर्वेदात प्रथम आढळते ते तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास झालेल्या ‘शार्ङ्गधरसंहिते’त. तेथे वातनाडीस जळू आणि साप यांच्या, पित्तनाडीस कावळा आणि बेडूक यांच्या, आणि कफनाडीस हंस आणि कबूतर यांच्या चालीची उपमा दिली आहे. वैद्यकग्रंथातील ही उपमासृष्टी कोणाही कवीने हेवा करावा अशी आहे. परंतु त्याच ठिकाणी थांबून थांबून चालणारी नाडी प्राणनाशिनी म्हणून सांगितली आहे. आसन्नमरण रोग्याच्या उशाशी बसून पुष्कळ नाड्या पाहिलेल्या वैद्यवर्गाचे हे निरीक्षण त्या प्रसंगी खोटे नव्हे. पण सुभाषित एकदा मुखोद्गत झाले की ते प्रसंग विसरते. ज्या घरांत आजोबा नाडी पाहत, त्या घरांत हे वाक्य रोग्यावाचूनच वारसाने उतरले आहे.

पश्चिमेतही हेच भय होते. ते दूर करण्याचे श्रेय बव्हंशी जेम्स मॅकेंझी (१८५३–१९२५) ह्या डॉक्टरास आहे. हा गृहस्थ कोणत्याही विद्यापीठाचा पंडित नसून बर्न्ली ह्या गिरणगावातील साधा गावडॉक्टर होता. त्याने नाडीचे आलेख काढणारे यंत्र सिद्ध केले. पण त्याची खरी थोरवी यंत्रापेक्षा चिकाटीत आहे. ज्यांची नाडी मधूनच अडखळते, अशा माणसांस त्याने वर्षानुवर्षे नजरेखाली ठेवले आणि पाहिले की, ती माणसे गिरणीत जातात, मुलेबाळे वाढवितात, म्हातारी होतात. १९०२ मध्ये त्याचा नाडीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि पुष्कळ अनियमितपणा निरुपद्रवी असतो ही गोष्ट शास्त्राने हळूहळू मान्य केली. पुढे चोवीस तास आलेख घेण्याची सोय झाली तेव्हा तर असे दिसून आले की, दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा धडधडणाऱ्या निरोगी हृदयातही काही अवेळी ठोके बहुतेकांस पडतच असतात. फरक इतकाच की, बहुतेकांस ते ऐकू येत नाहीत. आणखी एक कथा बोधप्रद आहे. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या रोग्यांचे अवेळी ठोके औषधाने बंद करावे, म्हणजे ते अधिक जगतील, अशा तर्काने अमेरिकेत एक मोठी चाचणी घेण्यात आली. औषधांनी ठोके खरोखर कमी झाले. परंतु औषध घेणारेच अधिक मेले, आणि १९८९ मध्ये त्यांपैकी दोन औषधांचा प्रयोग मध्येच थांबवावा लागला. नाडी सुरळीत करणे आणि मनुष्य वाचविणे ह्या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

येथे गैरसमज होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे की, सर्वच अनियमितपणा निरुपद्रवी नसतो. ठोक्यांबरोबर घेरी येत असेल, शुद्ध हरपत असेल, छातीत दुखत असेल वा धाप लागत असेल. घराण्यात कोणी तरुणपणी अकस्मात गेले असेल. किंवा नाडीची चाल सर्वस्वी विस्कळीत झाली असेल, तर वैद्याकडे तत्काळ गेले पाहिजे. ह्यांतील शेवटल्या प्रकारात हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याचे भय असते. आधी तपासणी आणि मग वाङ्मय, हाच योग्य क्रम होय. माझे म्हणणे तपासणीनंतर उरणाऱ्या माणसाविषयी आहे.

ह्या उरलेल्या माणसास वाङ्मय काय देऊ शकेल? मला वाटते, ते त्यास ऐकण्याची कला देऊ शकेल; आणि ती आमच्या पद्यात पूर्वीपासून आहे. माधव जूलियन यांनी ‘छंदोरचने’त मराठी पद्याच्या चालींचा जो प्रचंड हिशेब मांडला, तो वाचताना हे मला प्रथम जाणवले. मनाचे श्लोक घ्या. भुजंगप्रयाताचे पाऊल प्रत्येक ओळीत लघु-गुरु-गुरु असे चार वेळा पडते. कोठे खंड नाही, कोठे उणे नाही. आपले हृदय असे चालावे, ही प्रत्येक भित्र्या माणसाची इच्छा असते. परंतु मराठीचे अस्सल छंद असे चालत नाहीत. ओवीचे तीन चरण यमकाने बांधलेले, आणि चौथा आखूड व मोकळा. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा अक्षरांचे तीन चरण झाले की चौथा चारच अक्षरांवर थांबतो. ज्या छंदाचे नावच ‘अभंग’, त्याचा प्रत्येक चौक उण्या चरणाने संपतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे! त्या उण्या जागी कोणा वारकऱ्याच्या काळजात धस्स होत नाही. उलट तेथेच टाळ स्थिरावतो.

मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन प्रकार सांगितले. केवळ संवादाने लय सिद्ध होत नाही. विरोध यावा लागतो आणि त्याचा तोल सावरला जावा लागतो. अवेळी ठोका, लांबलेला अवकाश आणि जोराचा पुढला ठोका ह्या तिहींकडे पाहिले असता विरोध आणि समतोल हीच जोडी दिसते. ही उपमा मला पुष्कळ दिवस दिलासा देत आली आहे.

परंतु टीकाकाराने आपल्या आवडत्या उपमेचीही परीक्षा घेतली पाहिजे. अभंगातील उणे आम्हांस का भीत नाही? कारण पुढचा चरण येणार, ही खात्री आहे. अभंग आम्ही हजार वेळा ऐकला आहे. छातीतील अवकाशात नेमकी ही खात्रीच नसते. कवितेतील विराम कवीच्या हाती असतो. ह्या विरामाचा कर्ता कोण, हे ठाऊक नाही. कविता फसली तर पुस्तक मिटता येते. हे पुस्तक मिटणे म्हणजे काय, ते निराळे सांगावयास नको. म्हणून सौंदर्यशास्त्राने भय नाहीसे होईल, असे मी म्हणणार नाही. तथापि एवढे खरे की, खात्री ही तर्काने येत नाही, आवृत्तीने येते. डॉक्टरांनी एकदा सांगितल्याने माझी भीती गेली नाही. दहा हजार वेळा ठोका अडखळला आणि दहा हजार वेळा पुढला आला, ह्या पाठाने ती थोडी गेली.

ह्या आवृत्तीचे रहस्य जाणणारा एक कवी आमच्याच जिल्ह्यात होऊन गेला. ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) हे सिंदखेडराजास जन्मले आणि मेहकरास वकिली करीत राहिले. जी. एन. जोशी यांनी ध्वनिमुद्रिकेवर गाइलेली त्यांची ‘शीळ’ महाराष्ट्रभर गेली. त्याच नावाचा संग्रह १९५४ मध्ये निघाला, आणि ‘खूणगाठी’स १९८६ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. देशपांड्यांच्या गीतांत हृदयरोग कोठेही नाही. मी त्यांचे नाव घेतो ते गीताच्या बांधणीकरिता. गीताचे कडवे ध्रुवपदापासून दूर जाते, कधी इतके दूर की आता ते परत येणार नाही असे वाटावे. आणि मग ध्रुवपद येते. ऐकणाराचे सुख दूर जाण्यातही असते, कारण परतण्यावर त्याचा विश्वास बसलेला असतो. मेहकरासारख्या आडगावी, वाङ्मयाच्या राजधान्यांपासून दूर राहून, पहिल्या संग्रहाची घाई न करता ज्याने इतकी वर्षे लिहिले, त्याच्या कवितेत हा धीर सहज उतरला असल्यास नवल नाही.

मग जे पुस्तक हवे, ते कोणत्या स्वरूपाचे असावे? कादंबरी त्यास पेलणार नाही, कारण तिला घटना हवी. आत्मचरित्राचा कल साक्षात्काराकडे असतो. लघुनिबंध हा प्रकार त्यास योग्य होता. क्षुल्लक गोष्टीत रेंगाळणे हाच त्याचा धर्म. परंतु फडके-खांडेकरांच्या काळापासून लघुनिबंधास शेवटी स्मित करण्याची सवय जडली, आणि ह्या विषयावर प्रत्येक वेळी स्मित करता येत नाही. मला वाटते, ती एखादी साधी रोजनिशी असेल. तीत ठोक्यांची नोंद असेल, पण त्याहून अधिक नोंद ठोके असताना झालेल्या कामांची असेल: बाजार झाला, लेकीचे पत्र आले, पावसाने घाट बंद पडला, आणि मध्येच दोनदा काळीज अडखळले. रोग मुख्य वाक्यातून निघून गौण वाक्यात गेला, की त्या लेखकाने बाजी मारली असे समजावे. व्याकरणाचा हा एवढाच बदल आहे. पण तो साधण्यास मला अकरा वर्षे पुरली नाहीत.

परवा रात्री पुन्हा जाग आली. पाऊस नुकताच थांबला होता आणि पागोळ्या गळत होत्या: एक, एक, मग काही वेळ काहीच नाही, मग दोन एकदम. माझी बोटे नकळत मनगटाकडे गेली. शेजारून पत्नी झोपेतच म्हणाली, “अहो, मोजता आहात का पुन्हा?” मी म्हटले, “पागोळ्या ऐकतो आहे.” ते अर्धेच खरे होते. परंतु थोड्या वेळाने हात आपोआप खाली आला, पागोळ्यांचा हिशेब कोठेतरी चुकला, आणि तो कोणत्या ठोक्याशी चुकला, हे पाहण्याआधीच मला झोप लागली होती.